तुम्ही विचारलंत म्हणून: क्विझ का सोडली

"मॅडम, तुम्ही क्विझ घेणं काहून सोडलं जी?"

नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, बँकेत पेन्शनच्या रांगेत, कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा कधीकाळी माझ्यासमोर बझरवर बोट ठेवून बसलेला असतो. मी गुडघ्याचं कारण सांगते. ते पटलं नाही तर मोबाइलचं: आता सगळी उत्तरं खिशात आहेत, मग आठवायचं कशाला? लोक मान डोलावतात आणि मी सुटते. पण दोन्ही कारणं खोटी आहेत. गुडघा अलीकडचा आहे, आणि २००९ साली मी थांबले तेव्हा शाळकरी पोरांच्या हाती मोबाइल आलेच नव्हते.

खरं कारण १९९६ चं आहे. म्हणजे त्यानंतरही मी तेरा वर्षं क्विझ घेतली, हेही सांगायला हवं. म्हणून तर ते कुणाला सांगायला जीभ रेटत नाही.

आंतरशालेय स्पर्धेची अंतिम फेरी होती, हॉल गच्च भरलेला. माझ्या हातात पोस्टकार्डाएवढी कार्डं: वर प्रश्न, खाली उत्तर, रात्र-रात्र जागून माझ्याच अक्षरात लिहिलेली. शेवटून तिसरा प्रश्न होता, 'भारतातला पहिला कॉम्प्युटर कोणत्या संस्थेत होता?' कार्डावर उत्तर होतं, कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था. इंग्लंडहून आणलेलं एचईसी-टू-एम हे यंत्र तिथे बसवलं गेलं होतं. त्या वर्षी गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, प्रश्न अगदी ताजा वाटेल असा मी हौसेने काढला होता.

डावीकडच्या टेबलावरच्या मुलीने बझर दाबला. दोन वेण्या, आठवी-नववीतली असेल. म्हणाली, "सर्व्हे ऑफ इंडिया." म्हणजे देशाची मोजणी करून नकाशे काढणारं सरकारी खातं.

मी विचारलं, "नक्की?"

"हो मॅडम. माझे आजोबा पण तिथे कॉम्प्युटर होते. देहरादूनला."

हॉल हसला. ते हसू तिथेच विरलं असतं. पण माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "मग आजोबा विंडोज पंच्याण्णववर चालायचे का?"

त्यानंतरचा हशा मला अजून ऐकू येतो. परीक्षक हसले, आयोजक हसले, तिच्या शेजारी बसलेला तिचाच जोडीदार हसला. तिने हात टेबलाखाली घेतले. उरलेल्या दोन प्रश्नांना तिचा बझर वाजला नाही. त्यातला एक तिला येणारा होता, कारण तिने तो आधीच्या फेरीत दुसऱ्या संघाच्या वेळी ओठांतल्या ओठांत सोडवलेला मी पाहिला होता. तिचा संघ दुसरा आला, दहा गुणांनी.

सतरंज्या गुंडाळणं चालू असताना ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, ते खरंच होते. लॉगच्या पुस्तकातून आकडे काढून बेरजा करायचे. पदाचं नावच कॉम्प्युटर होतं." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाळा, कार्डावर जे असतं तेच धरावं लागतं."

दोन वर्षांनी एका लग्नासाठी हिंगणघाटला गेले होते. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्याने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तो माणूस १८२३ साली नागपूरच्या वाटेवर तिथे वारला. कुतूहलाने परतल्यावर ग्रंथालयात त्या मोजणीबद्दल वाचायला घेतलं. आणि एका पानावर ती मुलगी पुन्हा समोर उभी राहिली. १८३१ साली राधानाथ सिकदार नावाचा कलकत्त्याचा तरुण या सर्वेक्षणात नोकरीला लागला, पदाचं नाव 'कॉम्प्युटर'. कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. यंत्राला ते नाव फार नंतर मिळालं. पुढे 'शिखर १५'ची उंची २९,००२ फूट निघाली, ज्याला आपण एव्हरेस्ट म्हणतो. त्या हिशेबामागे प्रमुख डोकं सिकदारांचं होतं.

तुम्ही म्हणाल, पण प्रश्न तर यंत्राचाच होता. त्या वेळची मीही हेच म्हणते, आणि अजून आमचं भांडण मिटलेलं नाही. ती म्हणते, कुठलाही शहाणा माणूस 'कॉम्प्युटर'चा अर्थ यंत्र असाच घेईल. मी म्हणते, कार्ड काढून बघ, 'यंत्र' हा शब्द तू लिहिलेलाच नाहीस. ती म्हणते, त्या मुलीला गुण दिले असते तर अभ्यास करून आलेल्या दुसऱ्या पोरांवर अन्याय झाला असता. हे मला खोडता येत नाही. गुण न देणं बरोबर असेलही. विंडोज पंच्याण्णवचं मात्र काय उत्तर द्यायचं, ते तिलाही सुचत नाही.

म्हणून 'घोकंपट्टीच ती, बरं झालं सोडली' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. एका ओळीच्या माहितीने पोरांचे डोळे लकाकताना मी बावीस वर्षं पाहिले आहेत. १९४९ साली रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या विमानतळावर उतरायची, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. म्हणजे रोज रात्री अख्ख्या देशाची पत्रं आपल्या गावात येऊन जायची. हे सांगितल्यावर हॉल असा शांत व्हायचा की बस. कामठीच्या एका शाळेत मी सांगितलं, भूगर्भशास्त्रात खडकांच्या एका थराला तुमच्या गावाचं नाव आहे, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या महाखंडाला गोंडांच्या मुलुखावरून गोंडवन म्हणतात. पोरं मधल्या सुट्टीत मैदान उकरायला लागली. ही घोकंपट्टी नव्हे.

२००९ साली प्रश्न आला झिरो माइलचा. कार्ड आयोजकांचं होतं: 'भारताचा भौगोलिक मध्य दाखवणारा नागपुरातला दगड कोणता?' एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, झिरो माइल. पण तो मध्य दाखवत नाही, उंची दाखवतो." तिथल्या दगडावर १९०७ साल आहे आणि 'जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्क' असं कोरलेलं आहे. जीटीएस म्हणजे लॅम्बटनने सुरू केलेली तीच त्रिकोणमितीय मोजणी. बेंचमार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण, इथे १,०२०.१७१ फूट. अक्षांश-रेखांशाच्या मोजणीचा मूळबिंदू तर मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला धरला होता. पोराने दगड वाचला होता. मी त्याला पूर्ण गुण दिले, वर पाच जास्तीचे. आयोजक स्टेजवर आले आणि माइक बाजूला करून म्हणाले, "मॅडम, कार्डावर नाही ते कशाला वाढवता? जास्तीचे पाच काढा."

माझंच वाक्य होतं ते. मी गुण काढले नाहीत. फेरी संपवली, कार्डं त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.

त्या मुलाला दिलेले गुण त्या मुलीच्या खात्यात जमा होत नाहीत, एवढं मला कळतं. तिचं नावसुद्धा माझ्याकडे नाही. माझ्या वहीत 'संघ क' एवढंच लिहिलेलं आहे.

यंदा गणपतीत सोसायटीतल्या पोरांसाठी क्विझ घ्या, म्हणून शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. कार्डं मात्र आणली आहेत. बावीस प्रश्न लिहून झालेत, आणि प्रत्येकात उत्तराखाली अर्धं कार्ड कोरं ठेवलं आहे.