तबला ठीक आहे, पण तुम्ही करता काय?

तबल्यावर पोट भरते का, असे तुम्ही विचारलेत, म्हणून लिहितो आहे. गेली सव्वीस वर्षे मी जळगावात तबल्याचा वर्ग चालवतो आणि गायनाला, संवादिनीला, कथकला साथ करतो. या काळात मुलाचे नाव घालायला आलेल्या बहुतेक पालकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. कोणी अंदाज घेत म्हणते, “सर, तबला ठीक आहे, पण तुम्ही करता काय?” पारोळ्याकडच्या एका आजोबांनी नातवाचा हात धरून सरळ अहिराणीत विचारले होते, “भाऊ, यानावर पोट भरी का?” या प्रश्नाचा मला कधी राग आला नाही. घरातले एक मूल या वाटेवर पाठवायचे, तर तो विचारायलाच हवा.

पोट भरते, पण मैफलीवर भरत नाही. माझे निम्म्याहून अधिक उत्पन्न शिकवण्याचे आहे. त्याखालोखाल कथकच्या वर्गाला नियमित साथ, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना वर्षातून दोनदा परीक्षार्थींबरोबर वाजवणे, आकाशवाणीचे अधूनमधून येणारे करारपत्र, भजनी मंडळे, आणि दिवाळी पहाटेपासून माघापर्यंत चालणारे कार्यक्रम. तुम्ही मला रंगमंचावर पाहता ते या शेवटच्या तीन-चार महिन्यांत. उरलेले वर्ष कोणाला दिसत नाही, आणि घर चालते ते त्या न दिसणाऱ्या वर्षावर.

हे आजचेच आहे, पूर्वी कलावंताला राजाश्रय होता, असे बरेच जण मानतात. मला ते अर्धेच खरे वाटते. आपल्या जळगावचा बालगंधर्वांशी जुना ऋणानुबंध आहे. लहानपणी ते इथे मेहबूब खाँ यांच्याकडे गाणे शिकले, आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव इथे दर जानेवारीत होतो. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला बसत ते मुरादाबादचे उस्ताद अहमदजान थिरकवा. विसाव्या शतकातला हा केवढा मोठा तबलिया! पण त्यांची कारकीर्द नीट पाहिली, तर ती चार आधारांवर उभी दिसते. आधी नाटक कंपनीची नोकरी, मग रामपूरचा दरबार, बरोबरीने आकाशवाणी आणि मैफली, आणि उत्तरायुष्यात लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात अध्यापन. एवढ्या थोर वादकालाही एका खांबावर छप्पर उभारता आले नाही, मग माझ्या किंवा तुमच्या मुलाच्या वाट्याला वेगळे काय यावे?

पाश्चात्त्य संगीताच्या वाटाही फार निराळ्या नाहीत. 1842 साली स्थापन झालेल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे सदस्य व्हायचे, तर आधी तिथल्या स्टेट ऑपेराच्या वाद्यवृंदात जागा मिळवून किमान तीन वर्षे वाजवावे लागते. म्हणजे जगभर गाजणाऱ्या त्या वादकांचा पगारही रोजच्या रात्री ऑपेराच्या रंगमंचापुढच्या, वादकांसाठीच्या खड्ड्यात बसून वाजवण्याचा असतो. मुंबईत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात असत. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेव्हियर वाझ ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवत आणि संगीतकार सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांतही वाजवत. स्वरलेखन झरझर वाचता येणे हे त्या गोवेकर मंडळींचे भांडवल होते, आणि पुढे सिंथेसायझर व संगणक आल्यावर ध्वनिमुद्रणाचे काम आटले, तेव्हा त्या भांडवलाची किंमतही उतरली. एकाच कौशल्याच्या आधारावर राहणाऱ्याचे काय होते, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

संगतकाराची आणखी एक बाजू सांगायला हवी. पंडित जसराज लहानपणी तबला वाजवत. साथीदाराला दुय्यम लेखतात हे सहन न होऊन त्यांनी तो सोडला आणि ते गाण्याकडे वळले. ती वागणूक पुष्कळ कमी झाली आहे, पण संपलेली नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला नाशिकहून आलेल्या गायिकेच्या साथीला बोलावले, आधी मानधनही ठरवले, आणि कार्यक्रमानंतर शाल-श्रीफळ देऊन “आपण तर घरचेच” असे म्हणून निरोप दिला. त्या रात्री मला रिक्षाचे पैसेही खिशातून द्यावे लागले. तेव्हापासून मी मानधन, प्रवास आणि तालमींची संख्या आधी लिहून घेतो. हे सांगताना पहिल्यांदा जीभ अडखळते, पुढे अडखळत नाही. विद्यार्थ्यांनाही मी कायदा, रेला या तबल्याच्या रचनांइतक्याच गांभीर्याने हे शिकवतो.

आणि खर्च! तो कोणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो. आपल्याकडचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा कातडे कोरडे पडून ताणते आणि काळी चार या पट्टीला लावलेला तबला दुपारपर्यंत आपोआप वरच्या स्वरात चढून बसतो. हातोडीने गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, वर सरकवून तो उतरवायचा, संध्याकाळी पुन्हा खाली ठोकून चढवायचा. या ओढाताणीत मे महिन्यात एखादी वादी, म्हणजे कातडे ताणणारी चामड्याची पट्टी, तुटते किंवा शाईला, म्हणजे मधल्या काळ्या लेपाला, तडा जाऊन तिचे कण निघू लागतात, आणि मग नवी पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, बसवण्याला इलाज नसतो. पावसाळ्यात उलटा त्रास, तबला चढतच नाही. वेगवेगळ्या पट्ट्यांचे चार तबले घरात ठेवावे लागतात, त्यामुळे वर्षाला पुड्यांचा खर्च एखाद्या मुलाच्या शाळेच्या फीइतका होतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मैफली आणि कथकचे वर्ग एका दिवसात थांबले. शिकवणी तेवढी मोबाईलवर चालू राहिली. मी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरणारी धून, धरावा आणि मुलाने वाजवावे, तर त्याचा ठेका माझ्यापर्यंत क्षणभर उशिरा पोहोचे आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकलेली दिसे, म्हणून मी लेहरे ध्वनिमुद्रित करून मुलांकडे पाठवू लागलो. त्या दीड वर्षात आमच्या घरी किराणा आला तो या शिकवणीच्या पैशांतून. शिकवणे म्हणजे न जमलेल्या कलावंताची सोय, असे मी स्वतःही तरुणपणी मानत असे. आता तसे मानत नाही. पंधरा मुलांना एकच तीनताल पंधरा प्रकारे समजावताना माझा स्वतःचा ठेका जितका स्वच्छ झाला, तितका रियाजाच्या खोलीत झाला नव्हता.

तेव्हा मुलाला या वाटेवर यायचे असेल, तर माझे सांगणे एवढेच असते, की त्याने पदवी पूर्ण करावी, विशारदपर्यंत परीक्षा द्याव्यात, एकल वादनाबरोबर ख्याल, ठुमरी, कथक आणि भजन या चारही साथी शिकाव्यात, आकाशवाणीची श्रेणी मिळवावी, आणि स्वतःची वादी स्वतः ओढायला शिकावे. सगळे जमले तरी पहिली आठ-दहा वर्षे घरच्यांचा आधार लागतो. माझ्या वडिलांची रावेरला केळीची बाग होती आणि घड हाती येईपर्यंत बागेत पैसा ओतत राहावा लागतो हे ते जाणून होते, म्हणून त्यांनी मला तो आधार दिला.

पारोळ्याच्या आजोबांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी डग्ग्याकडे, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या वाद्याकडे, बोट दाखवले आणि विचारले, पोराला पितळी घ्यावा की तांब्याचा? मी म्हटले, तांब्याचा, पण वर्षभर थांबा, तोवर वर्गातल्यावर हात बसू द्या.