गेरीच्या गर्दीत व्हिडिओ कॉल का गोठतो

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आली की जो तो फोन वर करून व्हिडिओ पाठवू लागतो. नेमका तेव्हाच पुण्याच्या आजीला गेर दाखवायला लावलेला कॉल गोठतो. ‘नेट स्लो आहे’ म्हणून आपण सोडून देतो. पण घोटाळा रांगेत असतो, आणि ती रांग बरेचदा आपल्याच फोनमध्ये असते.

४जीमध्ये फोनमधून वर जाणारा डेटा मोडेममध्ये, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या चिपमध्ये, थांबतो. फोन टॉवरकडे परवानगी मागतो, मिळेल तेवढंच पाठवतो. शेजाऱ्याचा डेटा आपल्या रांगेत शिरत नाही, त्याच्यामुळे आपली रांग फक्त सावकाश सरकते. समजा आपला वाटा ४०० केबीपीएसवर (सेकंदाला ४०० किलोबिट) आला आणि मोडेममध्ये १०० केबी (किलोबाइट, म्हणजे ८०० किलोबिट) साचले, तर नव्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, २ सेकंद थांबावं लागेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) जी.११४ शिफारशीनुसार बोलणं सहज व्हायला एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. (व्होल्टे, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या साध्या फोन कॉलला टॉवर वेगळी, अग्रक्रमाची वाट देतो, म्हणून साधा कॉल पुष्कळदा तिथेच नीट चालतो.)

रांग भरतं कोण? फोटोंचं बॅकअप. डेटा पाठवायची नेहमीची पद्धत, टीसीपी, पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत राहते, आणि मोबाइलचा रेडिओ हरवलेलं पुन्हा पाठवत असल्याने वेग कमी करायचा तो इशारा फार उशिरा मिळतो. कॉलआधी बॅकअप बंद करा.

ॲप बनवणाऱ्यांसाठी: वेबआरटीसीचं (ॲपमधल्या व्हिडिओ कॉलसाठीचं तंत्र) वेग-नियंत्रण विलंब वाढताना पाहून वेग मिळणाऱ्या दराच्या ०.८५ पटीवर आणतं. तरी गर्दीसाठी व्हिडिओला २५० केबीपीएस आणि सेकंदाला १५ फ्रेमची कमाल मर्यादा घालाच. आवाजाला ओपस कोडेकचे (आवाज आकसून पाठवणारी पद्धत) २४ केबीपीएस पुरे. पण २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांना हेडरचेच (प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्याच्या माहितीचेच) १६ केबीपीएस लागतात, हे हिशोबात धरा. आकडेवारीत पॅकेट हरवत नाहीत पण राउंड-ट्रिप (पॅकेटच्या जाऊन-येऊन लागणारा वेळ) ८० वरून ४०० मिलिसेकंदांवर गेली, तर रांग साचतेय असं समजा.

इथे बरेच जण अर्ध्यावर थांबतात. वेग ४००वर आणला की रांग वाढायची थांबते, पण उपसली जात नाही. ते २ सेकंद तसेच राहतात. २००वर आणला तर ८०० किलोबिट उपसायला ४ सेकंद लागतात. व्हिडिओ थांबवून फक्त आवाज ठेवला तर साधारण सव्वादोन. व्हिडिओ परत सुरू करताना पहिली की-फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्र असलेली फ्रेम, नेहमीच्या फ्रेमच्या कितीतरी पट मोठी असते आणि रांग पुन्हा भरू शकते, म्हणून ३२० बाय २४० वर सुरुवात करा आणि राउंड-ट्रिप स्थिर दिसली तरच वर चढवा.