'कसे'ची मात्रा गेली कुठे?

गणपतीच्या तोंडावर पाककृतींची साइट हलवू नये. सांगलीच्या काकूंना मी हे आधीच सांगितलं होतं. पण जुन्या साइटची वर्गणी नेमकी त्याच आठवड्यात संपत होती आणि आणखी एका वर्षाचे पैसे भरायची त्यांची तयारी नव्हती. "तिथे मी भाडेकरूच गं. खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं." साइट होती माउसने ओढून पानं रचायच्या एका तयार सेवेवर. जायचं होतं वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या स्वतःच्या जागेवर.

मजकूर आणणं हेच मोठं काम, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सगळं एकदम उचलून न्यायचं बटण त्या सेवेत नव्हतं, म्हणून आरएसएस फीडमधून, म्हणजे साइट स्वतःच देते त्या ताज्या लेखांच्या यादीतून, मिळाले तेवढे लेख घेतले आणि उरलेली पानं स्क्रिप्टने, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅमने, वाचून काढली. फोटोंकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. लेख नव्या साइटवर दिसतो छान, पण त्यातला फोटो अजून जुन्याच सर्व्हरवरून येत असतो. तिकडचं खातं बंद झालं की फोटो गायब. म्हणून ते आधी उतरवून घेतले.

खरा घोळ निघाला पानांच्या वेब पत्त्यांत.

काकूंचा सगळ्यात चालणारा लेख 'गणपतीसाठी उकडीचे मोदक कसे करावेत'. जुन्या साइटवर हा अख्खा मथळा पत्त्यात होता. वर्डप्रेसमध्ये आल्यावर उरलं 'गणपतीसाठी-उकडीचे-मोदक-कस'. 'कसे'ची मात्रासुद्धा छाटली गेलेली! वर्डप्रेस पत्त्याच्या या तुकड्याला, म्हणजे स्लगला, २०० अक्षरांची जागा देतं. अक्षरं संगणकात साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे 'क'ला ९ आणि त्याच्यावरच्या मात्रेला आणखी ९. बावीस चिन्हांतच जागा भरते. इंग्रजीत साइट चालवणाऱ्याला ही अडचण सहसा भेटतच नाही.

त्यात काकूंचा आणखी एक लेख, 'गणपतीसाठी उकडीचे मोदक कसे टिकवावेत'. तोही 'कस'वरच तुटला, म्हणून वर्डप्रेसने त्याच्या शेपटीला दोनचा आकडा लावला. करायचे मोदक कुठले आणि टिकवायचे कुठले, पत्त्यावरून काही कळेना.

मग स्लग हातानेच आखूड केले, 'उकडीचे-मोदक' आणि 'मोदक-टिकवणे' असे, आणि जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावला, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवायचा कायमचा नियम. हे नियम टक्क्यांच्या साखळीत लिहिले तर सर्व्हरवरच्या अपाचे या सॉफ्टवेअरला जुळत नाहीत, कारण तो आलेला पत्ता आधी उलगडतो आणि मग ताडून बघतो. नियमांच्या फाइलमध्ये सरळ देवनागरीच लिहायची.

नियमांसाठी जुने मथळे काकूंच्या भाचीने एक्सेलमध्ये टाइप करून दिले होते. माझ्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये डोमेन, म्हणजे साइटचं नाव, फक्त माझ्यापुरतं नव्या सर्व्हरकडे वळवलं आणि जुन्या साइटमॅपमधला, म्हणजे साइटच्या सगळ्या पानांच्या यादीतला, एकेक पत्ता चालवून बघितला. बहुतेक गेले. तिखटमिठाच्या पुऱ्या अडल्या. खाऱ्या शंकरपाळ्या अडल्या. भाकऱ्यांचंही तेच. दोन्हीकडचे शब्द शेजारी ठेवले तर काडीचा फरक दिसेना, म्हणून बाइट उघडून बघितले. काकू पूर्वी ज्या कीबोर्डवर लिहायच्या, त्यात 'ऱ्या' व्हायचा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह मिळून. भाचीच्या फोनवर ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे. माणसाला एकच शब्द, सर्व्हरला दोन. एक्सेल बाजूला ठेवलं आणि सगळे पत्ते थेट साइटमॅपमधून उचलले.

डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी नोंद म्हणजे डीएनएस. ती बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणला होता. या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हर जुन्या सेवेचेच होते, त्यामुळे ते बदलण्याआधी ईमेलचे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदी, नव्या जागी उतरवले. ते राहिले तर साइट झकास चालते आणि मेल येणं थांबतं. चौकशीचा एकही मेल का येत नाही, हे कळेपर्यंत दिवस जातात.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अगं, आज करायच्या मोदकांपेक्षा टिकवायच्या मोदकांवर जास्त लोक कसे आलेत? काही उलटसुलट झालंय का बघ."

सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कुठल्या पानावर आलं त्याची नोंद, उघडून बघितला. जुन्या लांब पत्त्यावरून येणारे सगळे बरोबर पानावर जात होते.

"काही उलटं नाही झालेलं काकू. काल सगळ्यांनी जास्त केले."