सेन्सर नवा, लाईट तीच

इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, बदलून चार दिवस झाले नाहीत तोच डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाईट परत लागली. गाडी २०१६ ची, एक लिटर पेट्रोल, बीएस-४, ९२ हजार किलोमीटर चाललेली. धाव रोजची बीड ते गेवराई. पहिल्या वेळी स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड आला होता. गॅरेजमध्ये त्याचा अर्थ ‘सेन्सर गेला’ असा लावून साडेतीन हजारांचा नवा सेन्सर बसवला, कोड पुसला आणि गाडी हातात दिली. आता पुन्हा तोच कोड. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला.

पी ०१३५ एवढंच सांगतो की पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड आहे. सर्किटमध्ये फ्यूज आला, रिले आला, वायर आली, वायरी जोडणारा कपलर आला, हीटर आला आणि त्याला अर्थ देणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा आला. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय सिग्नल देत नाही. नुसत्या धुरावर तो तापायला वेळ लागतो, म्हणून आत हीटर असतो. ईसीयूला हीटरचा करंट अपेक्षेपेक्षा कमी दिसला की कोड पडतो. तो करंट नेमका कुठं अडला हे ईसीयूला कळत नाही.

सुदैवाने जुना सेन्सर मी मागून घेतला होता. त्याला चार वायरी असतात, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. बॉशच्या सेन्सरला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. डेन्सोच्याला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत ४ ते १५ ओहमच्या दरम्यान येतो. जुना भरला ६.९ ओहम, नवा ७.२. म्हणजे जुन्याचा हीटर ठणठणीत होता. दोन मिनिटांचं हे माप सेन्सर विकत घेण्याआधी व्हायला हवं होतं.

मग गाडीच्या बाजूचा कपलर तपासला. फ्यूज चांगला. काही गाड्यांत हीटरची सप्लाय इंजिन चालू झाल्यावरच येते, म्हणून इंजिन चालू ठेवून सप्लायच्या पिनवर मल्टीमीटर लावला: १३.८ व्होल्ट. इथं भले भले फसतात. मल्टीमीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. वायरीवर वजन टाकलं तरच ती बोलते. त्यासाठी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पुरतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो, आणि ७ ओहमचा थंड हीटरही जवळपास तेवढाच. बल्बची एक वायर सप्लायच्या पिनला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लालसर पेटला, आणि पिनवरचे १३.८ उतरून ४.६ झाले.

बल्ब तसाच लावून ठेवला आणि मल्टीमीटर मागे मागे नेला. फ्यूज बॉक्सच्या बाहेर १३.५, कपलरवर ४.६. म्हणजे मधल्या दीड मीटरमध्ये ९ व्होल्ट मुरत होते. बॅटरीचा ट्रे काढला. वायरिंगचा गठ्ठा खाली वळतो तिथं दोन बोटं लांबीचं इन्सुलेशन कुरतडलेलं, तांब्याच्या तीन-चार तारा उरलेल्या, त्याही तुटून नुसत्या टेकलेल्या, बाकीच्यांची हिरवी भुकटी. रब्बीची ज्वारी निघाली आणि दारात कडब्याची गंज लागली की उंदीर गाडीच्या बॉनेटखाली येतातच. खड्ड्यात गाडी आदळली की उरलेल्या तारा कधी टेकायच्या, कधी नाही. कोड चार दिवस थांबून का यायचा, ते इथं उलगडलं.

पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळली की पावसाळ्यात हाच कोड परत येतो. खराब तुकडा पूर्ण कापून, तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे जाऊन, त्याच जाडीची वायर सोल्डर केली, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी आणि नालीदार पाइप चढवला. एक मात्र सांभाळायचं. हे सोल्डरिंग गाडीच्या वायरिंगवर चालतं, सेन्सरच्या स्वतःच्या वायरींवर नाही. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. तिथं सोल्डर किंवा ग्रीस गेलं की सेन्सर गुदमरतो.

दुरुस्तीनंतर बल्ब लख्ख. दोन दिवस लाईट गायब. तिसऱ्या दिवशी परत, पण या वेळी कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हा दोष नवा नव्हता. हीटरचा कोड असेपर्यंत बऱ्याच गाड्यांत ईसीयू मिश्रणाची चाचणीच पुढे ढकलतो, म्हणून तो इतके दिवस दडून होता.

या वेळी कोड पुसायची घाई केली नाही. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि लाईट लागली त्या क्षणाची नोंद तिथंच असते. सातशे रुपयांच्या ब्लूटूथ अडॅप्टरवर आणि मोबाइलमधल्या ॲपवर ती दिसते: आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) ७८० आरपीएम, कूलंट ८८ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये कायमची केलेली वाढ-घट, अधिक १९ टक्के. मग चालू इंजिनवर पाहिलं. आयडलला अधिक १९, २५०० आरपीएमला अधिक ७. पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलट झालं असतं, लोड वाढेल तशी ट्रिम चढली असती. आयडललाच जास्त म्हणजे कुठून तरी फुकटची हवा येत होती.

लोक इथं इनटेकच्या रबरी नळ्या बदलत सुटतात. पण या गाडीत एअर फ्लो मीटर नाही, इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. तिथं मॅनिफोल्डमध्ये जादा हवा शिरली तर दाब वाढलेला ईसीयूला दिसतो, तो पेट्रोल वाढवतो, आणि मुख्यतः आयडल चढतं. आयडल तर जागेवर होतं. मग संशय सायलेन्सरच्या बाजूला. सेन्सरच्या आधी किंवा सेन्सरपाशी गळती असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. आरपीएम वाढला की धुराचा प्रवाह सलग होतो, गळतीचा परिणाम घटतो. आकडे तंतोतंत जुळत होते.

इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्युम क्लीनरचा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला कापडाने आवळून लावला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग कोरडं. नव्या सेन्सरच्या बुडाशी मात्र बारीक फेस, आणि पुसून बघितलं तर काजळीचं गोल वळं. सेन्सर २२ च्या पान्याने काढला. जुन्या सेन्सरची दबलेली वॉशर भोकाच्या तोंडावरच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर नव्याची वॉशर बसवली होती. दोन वॉशरांवर सेन्सर सरळ बसतच नाही. जुनी खरवडून काढली, एम-१८ चे आटे ब्रशने साफ केले, नवी वॉशर घालून ४० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळला. खर्च वॉशरचा तेवढा. आटे सोडवायला स्प्रे मारावा लागला तर जुना सेन्सर निघण्याआधीच मारावा, नव्याच्या टोकावर थेंबही नको. साधं सिलिकॉन सीलंट तर सेन्सरच्या आसपासही नको, त्याची वाफ टोकाला मारते.

आता कोड पुसला आणि सलग तीन दिवस गाडी नीट चालवली. रात्रभर थंड झालेली गाडी चालू करून दोन-तीन मिनिटं आयडलवर, मग थोडी शहरात, मग हायवेला १५ मिनिटं एकसारखी ७० ने, आणि एकदा मांजरसुंब्याचा घाट. बहुतेक दोषांना लाईट लावायला सलग दोन फेऱ्यांत तीच चूक दिसावी लागते, म्हणून एका फेरीवर निकाल लावता येत नाही. ॲपमधलं पेंडिंग कोडचं, म्हणजे एकदाच दिसलेल्या आणि अजून लाईट न लावलेल्या चुकांचं, पान रोज उघडून पाहिलं. रिकामं.

आयडलची लाँग टर्म ट्रिम आता अधिक ५ वर स्थिर आहे. शून्यावर येणार नाही, कारण पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. ई-१० ला एक भाग पेट्रोलमागे साधारण १४.१ भाग हवा लागते, ई-२० ला १३.५, तेव्हा चार टक्के जादा पेट्रोल हा दोष धरायचा नाही. सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये झपाझप वरखाली होतं. ६.९ ओहमचा जुना सेन्सर कागदात गुंडाळून डिकीत ठेवलाय.