मुक्कामाच्या गावातली संध्याकाळ

सोलापुरी चादरींचे नमुने घेऊन मी महिन्यातले १५ दिवस विजापूर, लातूर, हैदराबाद असा फिरतो, आणि दारू सोडल्यापासून सर्वांत कठीण जाते ती लॉजवरची संध्याकाळ, जेव्हा वसुलीचे पैसे खिशात असतात आणि विचारणारे कोणी नसते. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा उगमही अशाच प्रवासातला आहे: १९३५ साली धंद्यासाठी अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात गेलेल्या, नुकतीच दारू सोडलेल्या बिल विल्सन यांनी हॉटेलच्या बारकडे न वळता दुसरा दारूग्रस्त शोधण्यासाठी फोन फिरवले, आणि त्यातून संघटनेचे दुसरे संस्थापक डॉ. बॉब भेटले. म्हणून मी निघण्यापूर्वीच मुक्कामाच्या गावातील संघटनेच्या बैठकीची वेळ विचारून ठेवतो. बैठक नसेल तेथे रात्री स्पॉन्सरला, म्हणजे संघटनेतल्या माझ्या अनुभवी मार्गदर्शकाला, फोन करतो. मी त्यांना काका म्हणतो. ते आधी ‘जेवलास का?’ एवढेच विचारतात, कारण उपाशीपोटी ओढ वाढते.