यिन-ङन

रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाहीये.

संकष्टीचे मोदक बिघडले. इथे हाँगकाँगला शाम शुई पोच्या बाजारात साधं तांदळाचं पीठ आणि नोमाय, चिकट तांदळाचं, शेजारी शेजारी ठेवतात, घाईत नोमायचं पाकीट आलं. उकड मळतानाच कळलं, तेलाचा हात लावला तरी सुटेना, कळ्या पाडल्या की परत मिटायच्या. शेवटी नुसते गोळे वळून वाफवले.

चिऊने एक फोडला तर पारी लांबच लांब ताणली गेली, गूळ मनगटापर्यंत ओघळला. म्हटलं राहू दे गं, चिवट झालेत. तर म्हणे, "चिवट नाही आई, यिन-ङन झालेत!" इथल्या कँटोनीजमधला शब्द, चिवटच, पण कौतुकाचा. तीन खाल्ले. आणि मग, "यिन-ङनला मराठीत काय म्हणतात?"

मला सांगताच आलं नाही. चिकट, चिवट, वातड. आपल्याकडे दाताशी झगडणाऱ्या पदार्थाला सगळी नावं ठेवलेलीच. इथे तोच गुण, गरम पाण्यातल्या थॉङ-युनच्या, म्हणजे चिकट तांदळाच्या, गोळ्या यिन-ङनच हव्यात, फिशबॉल तान-ङा, म्हणजे दातावर उसळणारा, कोळंबी सॉङ, म्हणजे करकरीत, हवी, पिठूळ लागली की मुय, संपलं, परत त्या दुकानात जायचं नाही.

हे सगळं तिला पोपोकडे, म्हणजे तिच्या इथल्या आजीकडे, जेवताना मिळालं. मी काय दिलं? घरात मराठीच बोलायचं हा हट्ट माझा, पण ताटाशी बसल्यावर "छान झालंय, खा पटापट" एवढंच. लुसलुशीत, खुसखुशीत, रवाळ, हे मी तिच्यासमोर शेवटचं कधी म्हटलं आठवतच नाही. करंज्या इथे कोण करतंय, आणि करंजीच नाही तर खुसखुशीत कुठून येणार. आईला फोनवर हे सांगायला गेले तर ती... जाऊ दे.

मघाशी पुण्याहून आलेली चकली तिच्या हातावर ठेवली. "छॉय-बोक-बोक!" मी म्हटलं, कुरकुरीत. ती दोन्ही शब्द चावत बसली, बोक-बोक, कुरकुर, बोक-बोक, कुरकुर. म्हणाली, आई, दोन्ही खाताना येतो तो आवाजच आहे की. खरंच की. इतकी वर्षं इथे राहून माझ्या कानाला हे कळलं नव्हतं.

मग कुठे जरा हलकं वाटलं.

दोन मोदक उरलेत. उद्या पोपोला द्यायचेत. आतल्या खोबऱ्याचा चव जिभेला लागतो त्याला ती काय म्हणते, तेवढं विचारून ये म्हणून चिऊला सांगायचंय.