अथेनाची कलगी कुठे गेली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अथेन्सचं चांदीचं घुबड-नाणं, म्हणजे चार द्राख्मांचं नाणं, पाहिलं की हमखास प्रश्न येतो: देवीच्या शिरस्त्राणाची कलगी अर्धी कापलेली का? नाणं सदोष आहे का?

नाही. अथेनाचं डोकं ऐरणीत बसवलेल्या खालच्या ठशात कोरलेलं असे, आणि तो ठसा बहुधा नाण्याच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठा. घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं वरच्या, हातात धरायच्या ठशात. वजन जुळवलेली चकती तापवून मधे ठेवायची आणि वर घण घालायचा. चकती जाड, जेमतेम 24 मिलिमीटरची. जरा सरकली की कलगी बाहेर. चकती थंड झालेली असली तर कडेला तडे जातात. घणाचा मार थेट सोसणारा वरचा ठसा आधी निकामी होतो.

टाकसाळ जपायची ते वजन आणि चांदीचा कस. सुमारे 17.2 ग्रॅम, आणि अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली, शिशापासून भट्टीत वेगळी केलेली जवळजवळ शुद्ध चांदी. माझ्या मते हेच शहाणपणाचं होतं: परदेशी व्यापारी कलगी पाहून माल देत नव्हता. ओळखीचा चेहरा मात्र त्याला हवा होता, म्हणून शिल्पकला कितीतरी पुढे गेली तरी अथेनाचा डोळा इ.स.पू. 5 व्या शतकभर जुन्याच पद्धतीचा, समोरून पाहिल्यासारखा राहिला.

दुसरी शंका अशा नाण्यांवर दिसणाऱ्या छिन्नीच्या घावाची. आत तांबं तर नाही ना, हे पाहायला व्यापारी नाणं कापत. भीती खरी होती: स्पार्टाविरुद्धच्या पेलोपनेशियन युद्धाच्या अखेरीस खुद्द अथेन्सनेच चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी काढली होती. पुढे इ.स.पू. 375/4 मध्ये अथेन्समध्ये निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला नाण्यांच्या पारखीचा कायदा झाला. आपल्याकडच्या पोतदारासारखा एक सरकारी पारखी, तोही गुलाम, अगोरात, म्हणजे शहराच्या बाजारचौकात, सराफांच्या मेजांपाशी बसे. पिरेअस बंदरासाठी दुसरा नेमायचं ठरलं. गाभा तांब्याचा किंवा शिशाचा निघाला की नाणं जागच्या जागी कापून देवमातेच्या नावे जमा. पारखी जागेवर नसला तर त्याला 50 फटके. त्याने खरं ठरवलेलं नाणं नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा माल जप्त.

आज नाणं न कापता पाण्यात तोलून घनता काढता येते. चांगली चांदी दर घन सेंटिमीटरला 10.4 ग्रॅमच्या आसपास, तांब्याचा गाभा असेल तर 9 च्या जवळ. चांदीतच ओतलेली आधुनिक नक्कल मात्र या परीक्षेतून सुटते. तिच्यासाठी भिंगाखाली कडेवरची साच्याची रेघ आणि पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खड्डे शोधावे लागतात.